पटणे आणि निष्पन्न होणे

१

मराठीत विश्वासाविषयी बोलताना आपण प्रामुख्याने दोन क्रियापदे वापरतो आणि त्यांच्यातील भेदाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. ‘मला हे पटते’ असे आपण म्हणतो आणि ‘मी हे मानतो’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात ‘मी’ चतुर्थीत असतो. पटण्याची क्रिया माझ्या ठिकाणी घडते, मी ती करीत नाही. भूक लागावी, थंडी वाजावी, एखादा राग आवडावा, तशी ती होते. दुसऱ्या वाक्यात ‘मी’ प्रथमेत येतो आणि कर्ता होतो. मानणे ही मी घेतलेली भूमिका असते, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला जाब विचारता येतो. विश्वास ‘बसणे’ आणि विश्वास ‘ठेवणे’ या प्रयोगांतही हाच भेद आहे.

या दोन गोष्टी पुष्कळदा बरोबर जातात, पण त्यांची ताटातूट होऊ शकते. सम संख्या या सर्व नैसर्गिक संख्यांच्या निम्म्या असाव्यात असे कोणालाही वाटते. त्या तितक्याच आहेत हे एकास-एक जोडी लावून दाखवले की ते मानावे लागते, तरी पुष्कळांना ते पटत नाही. गेऑर्ग काँटरने १८७७ साली अशाच एका निष्कर्षाची सिद्धता डेडेकिंडकडे तपासण्यासाठी पाठवली, तेव्हा ती आपल्याला दिसते आहे पण आपला विश्वास बसत नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने पत्रात काढले होते. सिद्धता तयार होती आणि विश्वास मागे रेंगाळला होता. याच्या उलट स्थिती साहित्याच्या वाचकाला अधिक परिचयाची आहे. एखादी कविता मोठी आहे हे त्याला पूर्णपणे पटलेले असते, आणि त्याचे समर्थन मागितले तर देता येण्यासारखा एकही युक्तिवाद त्याच्यापाशी नसतो.

आकारिक तर्कशास्त्र या दोहोंपैकी कशाशी संबंधित आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षे सोबत करीत आला आहे. माझा पेशा तर्कशास्त्र शिकवण्याचा आणि माझा छंद समीक्षा वाचण्याचा. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर रोज येत असत. मला आज जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे : तर्कशास्त्र ‘मानण्या’चे नियमन करते, ‘पटणे’ निर्माण करीत नाही, आणि हा भेद न पाळल्यामुळे साहित्यविचारात तर्काकडून एकतर अतोनात अपेक्षा केली जाते किंवा त्याला दारातूनच परत पाठवले जाते.

२

निगामी युक्तिवाद युक्त आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपण नेमके किती म्हणतो? त्याची आधारविधाने सत्य असून निष्कर्ष असत्य असेल, असे घडूच शकत नाही, इतकेच. आधारविधाने सत्य आहेत असे आपण म्हणत नाही. निष्कर्ष सत्य आहे असेही म्हणत नाही. आणि कोणी तो मानतो किंवा मानावा, याविषयी तर एक अक्षरही उच्चारत नाही. युक्तता हा विधानांमधील संबंध आहे. विधाने कोणाच्या मनात आहेत, कोणाच्याच मनात नाहीत की दोन शत्रूंच्या मनात अर्धी-अर्धी आहेत, याने त्या संबंधात काही फरक पडत नाही.

सत्यता-कोष्टके शिकवून झाली की विसंगत आधारविधानांतून कोणतेही विधान निष्पन्न होते, हे सूत्र वर्गात येत असे. त्याची सिद्धता चार ओळींची आहे. ‘क’ सत्य आहे असे धरा. मग ‘क किंवा ख’ हेही सत्य, मग ‘ख’ काहीही असो. आता ‘क सत्य नाही’ हेही धरले असेल, तर ‘क किंवा ख’ यातील पहिला पर्याय बाद होतो आणि ‘ख’ शिल्लक उरते. ‘ख’च्या जागी ‘चंद्र चुन्याचा आहे’ हे विधान घालून मी हे समजावून देत असे. एका वर्षी मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या आजोबांच्या डोक्यात परस्परविरोधी गोष्टी पुष्कळ आहेत. मग त्यांनी काहीही मानायला हवं. पण ते तर आमचं काहीच मानत नाहीत.” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तर्कशास्त्राच्या तत्त्वज्ञानातील एक गंभीर अडचण त्या मुलाने अचूक हेरली होती.

याको हिंतिक्का याने १९६२ साली ‘नॉलेज अँड बिलीफ’ या ग्रंथात ज्ञान आणि विश्वास यांचे आकारिक तर्कशास्त्र मांडले, तेव्हा याच अडचणीला त्याला तोंड द्यावे लागले. ‘अमुक व्यक्ती असे मानते की…’ या शब्दसंहतीसाठी चिन्ह योजून नियम रचले, की त्या नियमांतून असा माणूस साकार होतो, जो आपल्या विश्वासांतून निष्पन्न होणारे सर्व काही आधीच मानून बसलेला असतो. युक्लिडची गृहीतके मानणारा प्रत्येक जण भूमितीतील सर्व प्रमेये मानतो, असे म्हणण्यासारखेच हे झाले. असा माणूस आजोबांत सापडत नाही, नातवांतही नाही. हिंतिक्काने म्हणूनच विसंगतीऐवजी समर्थनीयतेची भाषा वापरली. एखाद्याची विधाने एकत्र धरण्याजोगी नसतील, तर तो माणूस तशी विधाने मनात बाळगू शकत नाही असे नव्हे; त्याला ती दाखवून दिली तर त्यांचे समर्थन करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गिल्बर्ट हार्मन याने १९८६ सालच्या ‘चेंज इन व्ह्यू’मध्ये हा भेद अधिक तीक्ष्ण केला. एका विधानातून दुसरे निष्पन्न होणे ही एक गोष्ट आणि माणसाने आपली मते बदलणे ही दुसरी. ‘जर क तर ख’ हे मी मानतो आणि ‘क’ही मानतो, यावरून मी ‘ख’ मानले पाहिजे असे ठरत नाही. ‘ख’ उघडउघड असत्य दिसत असेल तर ‘क’ किंवा ‘जर क तर ख’ यांपैकी एक सोडणे हेच शहाणपणाचे ठरेल. सोडायचे कोणते, हे तर्कशास्त्र सांगत नाही. तिन्ही एकत्र ठेवता येणार नाहीत, म्हणजे ‘क’, ‘जर क तर ख’ आणि ‘ख नाही’, एवढेच ते सांगते. पुष्कळांना ही तर्कशास्त्राची दुर्बलता वाटते. मला मात्र तेच त्याचे खरे सामर्थ्य वाटते, आणि ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

३

विधान आणि विश्वास यांना वेगळे करण्याचे काम आधुनिक तर्कशास्त्रात गॉटलोब फ्रेगे याने प्रथम चिन्हांकित केले. १८७९ सालच्या ‘बेग्रिफश्रिफ्ट’मध्ये त्याने आशय दाखवण्यासाठी एक आडवी रेघ योजली आणि तो आशय सत्य म्हणून स्वीकारला आहे हे दाखवण्यासाठी तिच्या डाव्या टोकाला एक उभी रेघ जोडली. ‘जर कविता दुर्बोध असेल तर ती वाचकापर्यंत पोचत नाही’ असे मी म्हणतो, तेव्हा कविता दुर्बोध आहे असे मी म्हणत नाही आणि ती पोचत नाही असेही म्हणत नाही. दोन्ही आशय वाक्यात आहेत, पण उभी रेघ केवळ संपूर्ण वाक्यामागे आहे. मराठीतील वाङ्मयीन वाद नजरेखालून घातले, तर किती भांडणे या उभ्या रेघेच्या गैरसमजातून झाली असतील असा विचार मनात येतो. कोणी ‘जर-तर’ मांडतो आणि प्रतिपक्ष त्यातील ‘जर’ हेच त्याचे मत ठरवून त्याच्यावर तुटून पडतो.

दुसऱ्या बाजूने, विधानांचा संबंध विश्वासापर्यंत पोचवण्यासाठी आणखी एक विधान जोडून भागत नाही, हे लुईस कॅरल याने १८९५ साली ‘माइंड’ या नियतकालिकातील एका खेळकर संवादात दाखवले. अकिलीस कासवासमोर दोन आधारविधाने ठेवतो. कासव ती मान्य करते, पण निष्कर्ष मान्य करीत नाही. ‘ही दोन सत्य असतील तर निष्कर्ष सत्य असलाच पाहिजे’ असे अकिलीस म्हणतो. कासव म्हणते, तेही तुझ्या वहीत तिसरे विधान म्हणून लिही, मला मान्य आहे. पण निष्कर्ष अजून मान्य नाही. मग चौथे, पाचवे. वही भरत जाते आणि अकिलीस जिथल्या तिथे राहतो. आधारविधानांपासून निष्कर्षाकडे जाणे ही कृती आहे. ती वहीत लिहिता येत नाही, करावी लागते, आणि ती न करणाऱ्याला आणखी एखादे वाक्य देऊन तिच्याकडे ढकलता येत नाही.

भारतीय न्यायपरंपरेत ही समस्या या रूपात उद्भवत नाही, याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. नैयायिकांच्या दृष्टीने अनुमान हा ज्ञानाचा प्रकार आहे, विधानांची नुसती मांडणी नव्हे. डोंगरावर धूर दिसतो, धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आठवते, त्या व्याप्तीने युक्त असा धूर या डोंगरावर आहे असा परामर्श होतो आणि अग्नीचे ज्ञान उत्पन्न होते. हे स्वार्थानुमान, स्वतःपुरते. दुसऱ्याला पटवून द्यायचे तेव्हा प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही पाच अवयवांची मांडणी येते, ते परार्थानुमान. आधारवाक्य असत्य असूनही युक्तिवादाचा आकार निर्दोष आहे, असे प्रशस्तिपत्र नैयायिक देत नाही. तिथे त्याला हेत्वाभासच दिसतो. म्हणजे पटणे आणि निष्पन्न होणे यांची फारकत झालेलीच नाही.

मात्र याच परंपरेत ‘तर्क’ या शब्दाला एक खास, मर्यादित अर्थ आहे, आणि तो मला अतिशय मोलाचा वाटतो. धूर आहे पण अग्नी नसेल, अशी शंका कोणी काढली, तर ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असे अनिष्ट आपादन करून तिचे निवारण करणे, हा तर्क. हा तर्क स्वतः प्रमाण नव्हे. तो ज्ञान देत नाही. ज्ञान देणाऱ्या प्रमाणाचा तो साहाय्यक. ‘तू हे नाकारलेस तर तुला तेही नाकारावे लागेल’ असे सांगून तो बाजूला होतो. फ्रेगेनंतरच्या आकारिक तर्कशास्त्राचे सामर्थ्य किती तरी पटींनी वाढलेले आहे. परंतु आपल्या विश्वासांच्या संदर्भात त्याचे कार्य विचाराल तर ते नैयायिकांच्या तर्काइतकेच आहे. ते किंमत सांगते. खरेदी आपण करायची.

४

साहित्यसमीक्षेतील कारणे कशी असतात, याकडे आता वळता येईल. ‘कारण’ या मराठी शब्दातच एक गुंता आहे. ‘तो असे मानतो, कारण त्याच्या घरात सगळेच तसे मानीत’ आणि ‘तो असे मानतो, कारण त्याने पुरावा पाहिला आहे’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या सारखीच निर्दोष आहेत. पहिल्यात विश्वासाची उत्पत्ती सांगितली आहे, दुसऱ्यात त्याचा आधार. समीक्षकाच्या जातीवरून, वर्गावरून किंवा शहरावरून त्याच्या मताचे ‘कारण’ दाखवून ते मत निकालात काढण्याची एक पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती पहिल्या अर्थाचे कारण दुसऱ्या अर्थाच्या जागी बसवते. मत कोठून आले याची चौकशी अवश्य व्हावी, पण ते सत्य आहे किंवा नाही हा प्रश्न तिच्यानंतरही तसाच उभा असतो.

दुसऱ्या अर्थाची कारणे तरी समीक्षेत निगामी असतात काय? आर्नल्ड आयझेनबर्ग याने १९४९ सालच्या ‘क्रिटिकल कम्युनिकेशन’ या निबंधात याला नकारार्थी उत्तर दिले. समीक्षक चित्रातील एखाद्या रेषेची लय दाखवतो, ती काही ‘अशी रेषा असलेली सर्व चित्रे चांगली असतात’ या सामान्य विधानाच्या आधारावर नव्हे. तसे विधान कोणीच मानीत नाही. तो आपले डोळे तिकडे वळवतो, आणि आपल्यालाही तसे दिसले तर त्याचे म्हणणे आपल्याला पटते. फ्रँक सिबली याने १९५९ साली ‘ईस्थेटिक कन्सेप्ट्स’मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की ‘नाजूक’, ‘एकात्म’, ‘संथ’ यांसारख्या सौंदर्यवाचक संकल्पनांच्या उपयोजनासाठी पर्याप्त अटींची यादीच देता येत नाही. कृतीची सौंदर्येतर वर्णने कितीही गोळा केली तरी त्यांतून ‘म्हणून ही कृती नाजूक आहे’ असा निष्कर्ष निष्पन्न होत नाही.

हे सर्व मला मान्य आहे. आस्वादाच्या क्षणी जे घडते ते पटणे आहे आणि ते निगमनाने घडवून आणता येत नाही. परंतु यावरून समीक्षेत तर्कशास्त्राला काही कामच नाही, असा निष्कर्ष आपल्याकडे मोठ्या उत्साहाने काढला जातो, आणि तो मात्र अयुक्त आहे. ज्यातून विश्वास निर्माण होत नाही त्याचा विश्वासाशी संबंधच नाही, हे गृहीतक धरल्याशिवाय तो निघत नाही, आणि ते गृहीतक टिकणारे नाही. हिशेबाच्या वहीतून पैसा निर्माण होत नाही. म्हणून वही ठेवण्याची गरज नाही असे कोणी व्यापारी म्हणणार नाही.

समीक्षक एका कृतीविषयी बोलतो तेव्हा तो दाखवतो. पण तो साहित्याविषयी बोलतो तेव्हा मानतो. कलाकृती म्हणजे काय, मूल्य कशात असते, लेखकाचे जीवन प्रस्तुत की अप्रस्तुत, याविषयी तो सामान्य विधाने करतो आणि ती विधाने एकमेकांना बांधलेली असतात. हे बांधलेपण कसे तपासावे हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे बरे.

५

मराठी वाचकांच्या माझ्या पिढीवर दोन संस्कार जवळजवळ एकाच वेळी झाले. एक, बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधून आणि त्याभोवतीच्या चर्चेतून आलेला, कलाकृतीच्या स्वायत्ततेचा. दुसरा, दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) सुरू झालेल्या आणि ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) अशा पुस्तकांतून पुढे गेलेल्या आत्मकथनांचा. या दोन संस्कारांतून आलेली मते सुटसुटीत विधानांत मांडली तर अशी दिसतील :

(क) साहित्यकृतीचे वाङ्मयीन मूल्य केवळ तिच्या अंतर्गत संघटनेवर अवलंबून असते.

(ख) या आत्मकथनांचे वाङ्मयीन मूल्य अंशतः त्यांतील कथनाच्या खरेपणावर अवलंबून आहे.

(ग) कथनाचा खरेपणा हा अंतर्गत संघटनेचा भाग नव्हे. संघटना तीच राहून कथन खरे किंवा खोटे असू शकते.

प्रत्येक विधान सुटे वाचले तर पटण्याजोगे आहे. पण तिन्ही एकत्र उभी राहू शकत नाहीत. शब्दशः सारखी अशी दोन आत्मकथने कल्पा. एकातील कथन खरे, दुसऱ्यातील रचलेले. ‘ग’नुसार हे शक्य आहे. त्यांची अंतर्गत संघटना एकच असल्यामुळे ‘क’नुसार त्यांचे मूल्य एकच. ‘ख’नुसार त्यांच्या मूल्यात फरक. म्हणजे कोणतीही दोन विधाने धरली की तिसऱ्याचा निषेध निष्पन्न होतो. ही विसंगती मानसिक नाही. हजारो वाचक ही तिन्ही मते सुखाने बाळगून आहेत. ती तार्किक आहे, आणि म्हणूनच ती दाखवून दिल्यावर स्वस्थ बसता येत नाही.

ही कल्पना निव्वळ तर्कशास्त्राच्या प्रयोगशाळेतील आहे असेही नाही. बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने १९९५ साली जर्मन भाषेत ‘ब्रुखश्ट्युके’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाझी छळछावण्यांतील बालपणाच्या तुटक आठवणी म्हणून ते नावाजले गेले, त्याला पुरस्कार मिळाले. १९९८ साली एका स्विस पत्रकाराने त्याच्या खरेपणाविषयी शंका उपस्थित केली. पुढे झालेल्या ऐतिहासिक तपासात लेखकाचे बालपण स्वित्झर्लंडमध्येच गेल्याचे सिद्ध झाले आणि १९९९ साली मूळ प्रकाशकाने पुस्तक विक्रीतून काढून घेतले. त्यातील एकही शब्द बदललेला नव्हता. जे बदलले ते सारे संहितेबाहेर होते, आणि तरीही आधी जे पुस्तक वाचले होते तेच आपण वाचत आहोत असे नंतर फारच थोड्यांना म्हणता आले असेल.

वाट काढण्याचे मार्ग तीनच आहेत, हे तर्कशास्त्राने ठरवून दिले. पहिला मार्ग ‘ख’ सोडण्याचा. खरेपणामुळे येणारे मूल्य सामाजिक किंवा दस्तऐवजी आहे, वाङ्मयीन नव्हे, असे म्हणता येईल. हा मार्ग सुसंगत आहे आणि अनेकांनी तो पत्करला. त्याची किंमत अशी, की ‘बलुतं’ वाचताना होणाऱ्या एकसंध अनुभवाची फाळणी करावी लागते. त्यातील दगडू आणि सांगणारा दया पवार यांच्यातील ताण लेखनाच्या रचनेचाच कणा आहे. तो ताण कल्पित म्हणून वाचला की रचनाच सैल पडते. शिवाय अशा पुस्तकांचा सामाजिक म्हणून गौरव करावयाचा आणि त्यांना साहित्याच्या ओसरीवरच बसवायचे, ही कृती आपल्या समाजात निरागस राहत नाही. अर्थात हे शेवटचे वाक्य ‘ख’च्या सत्यतेचा आधार नव्हे, ते मत बाळगण्याच्या परिणामांविषयी आहे, आणि ते वेगळेच ठेवले पाहिजे.

दुसरा मार्ग ‘ग’ सोडण्याचा. फिलिप लेजन याने १९७५ साली मांडलेली आत्मचरित्रात्मक कराराची कल्पना इथे उपयोगी पडेल असे वाटते. मुखपृष्ठावरील लेखक, कथन करणारा ‘मी’ आणि कथेतील व्यक्ती एकच आहेत, अशी हमी पुस्तक स्वतःच देते; मग खरेपणाचा दावा संहितेचाच भाग झाला. पण इथे थांबून नेमके काय सिद्ध झाले ते पाहावे. दावा संहितेत आला, दाव्याची पूर्तता आली नाही. खरे सांगतो असे वचन विल्कोमिर्स्कीच्या पुस्तकातही होतेच. वचन देणे आणि वचन पाळणे यांतील अंतर कोणतीही संघटना भरून काढू शकत नाही. ‘ग’ तसेच उभे राहते.

उरला ‘क’. तो मी सोडतो. त्याची किंमत लहान नाही. मूल्य संघटनेबाहेरच्या गोष्टींवरही अवलंबून असते असे एकदा मानले, की मग लेखकाची राजकीय भूमिका, त्याचे चारित्र्य, त्याचा जन्म यांनाही दार उघडे झाले काय, असे कोणीही विचारील. उत्तर असे, की ‘केवळ’ हा शब्द नाकारल्याने ‘काहीही’ हा शब्द स्वीकारला जात नाही. ‘सर्व साहित्यकृतींचे मूल्य केवळ संघटनेवर अवलंबून असते’ या विधानाचा निषेध ‘निदान एका कृतीच्या बाबतीत तसे नाही’ एवढाच होतो. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरच्या कथनाची सत्यता कोणी कागदपत्रांत शोधणार नाही, तिथे खरेपणाचा प्रश्न या अर्थाने उद्भवतच नाही. तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त उद्भवतो, पत्रांत उद्भवतो, रोजनिशीत उद्भवतो. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात दलित साहित्याला प्रस्थापित निकष लावता येणार नाहीत अशी भूमिका घेतली. ‘क’ सोडण्यात मी त्यांच्या बरोबर आहे. पण तो फक्त दलित साहित्यापुरता सोडावयाचा तर फक्त तिथेच का, हे सांगणारे आणखी एक आधारविधान लागेल. मला असे वाटते की विभागणी साहित्यप्रकारांनुसार पडते, आणि ‘स्मृतिचित्रे’ व ‘बलुतं’ या प्रश्नापुरती एकाच बाजूला येतात. यातून साहित्याच्या एकाच व्याख्येची आशा सोडून द्यावी लागते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेल्या संकल्पनाव्यूहाची जी मांडणी केली, तिचे महत्त्व मला या अडचणीतून जाताना नव्याने जाणवले.

‘क’ सोडण्याचा निर्णय माझ्यावर कोणत्याही युक्तिवादाने लादलेला नाही. तिघांपैकी एक सोडावाच लागेल, हे निष्पन्न झाले होते. कोणता, हे ‘बलुतं’ पुन्हा वाचताना पटले. स्वायत्ततेवरची ज्याची निष्ठा त्या वाचनाहून बलवत्तर असेल तो ‘ख’ सोडील आणि त्याच्यात व माझ्यात युक्ततेच्या दृष्टीने काहीच डावे-उजवे राहणार नाही. परंतु आमच्यातील मतभेद आता नेमका कोठे आहे, हे दोघांनाही ठाऊक असेल. तो माझ्या अभिरुचीवर किंवा मी त्याच्या हेतूंवर घसरण्याची गरज राहणार नाही.

६

यावर एक शेवटची हरकत येऊ शकते. विसंगती सापडली की काही तरी सोडलेच पाहिजे, हा तरी नियम अबाधित आहे काय? डेव्हिड मॅकिन्सन याने १९६५ साली दाखवलेला प्रस्तावनेचा विरोधाभास इथे आड येतो. अभ्यासक आपल्या ग्रंथातील प्रत्येक विधान तपासून लिहितो, म्हणजे ते मानतो. आणि प्रस्तावनेत प्रांजळपणे म्हणतो की या ग्रंथात काही चुका राहिल्याच असतील, आणि हेही तो मनापासून मानतो. सर्व विधाने आणि ही प्रस्तावना एकत्र सत्य असू शकत नाहीत. तरी त्याने प्रस्तावना काढून टाकावी असे आपण म्हणणार नाही, आणि कोणते विधान काढावे हे तर त्यालाही ठाऊक नाही. म्हणजे सुसंगती हेदेखील माणसाचे एकमेव कर्तव्य नव्हे.

ही हरकत मी स्वीकारतो, कारण तिने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. ते अधिक काटेकोर होते. प्रस्तावना लिहिणाऱ्याला आपली विसंगती माहीत आहे, ती त्याने उघड लिहून ठेवली आहे आणि ती कोठून येते हेही त्याला सांगता येते. ज्याला आपली तीन मते एकमेकांशी जुळत नाहीत याची गंधवार्ताही नाही, त्याची स्थिती निराळी. ठाऊक असून बाळगलेली विसंगती ही एक उघडी नोंद असते. वाचक तिच्यावर बोट ठेवू शकतो, पुढचा अभ्यासक ती मिटवू शकतो. ठाऊक नसलेली विसंगती दर वेळी सोयीचा निष्कर्ष काढून देते. त्या मुलाने आजोबांविषयी जे विचारले त्याचे उत्तरही इथेच आहे. विसंगतीतून काहीही निष्पन्न होते म्हणून माणसे काहीही मानीत नाहीत. पण जे त्यांना आधीच पटलेले असते त्याला आधार म्हणून त्या विसंगतीची हवी ती बाजू ती पुढे करतात. स्वायत्तता आवडत्या कवीसाठी, खरेपणा आवडत्या आत्मकथनासाठी, आणि नावडत्यासाठी यांपैकी दुसरे. मराठी समीक्षेतील पक्षपात पुष्कळदा अशाच वाटेने शिरतो, आणि तो करणारा लबाड असतोच असे नाही.

काय पटावे, हे कोणालाही सांगता येत नाही. ज्याला जे मानावयाचे आहे, त्याने त्याबरोबर आणखी काय मानले आहे आणि काय नाकारले आहे, हे मात्र सांगता येते आणि विचारता येते. समीक्षकाकडून वाचकाने एवढी अपेक्षा धरणे वाजवी आहे, आणि ती पुरी करण्यासाठी जे साधन लागते ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही सापडते.